ड्रॅगनची पिल्ले

परदेशी बालकथांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. रानात भटकणाऱ्या एखाद्या मुलाला एक विलक्षण अंडे सापडते. ते तो सदऱ्याआड लपवून घरी आणतो, माळ्यावर गवताच्या उबेत ठेवतो, आणि एके रात्री ते फुटून त्यातून ड्रॅगनचे पिल्लू बाहेर येते. मग भावंडांचे गुप्त मंडळ जमते. कोणी आपल्या ताटातला घास राखून ठेवतो, कोणी जिन्यावर पहारा करतो, कोणी पिल्लाच्या ओरडण्याचा आवाज बुजावा म्हणून मोठमोठ्याने धडे वाचीत बसतो. मोठ्या माणसांना सुगावा लागू द्यायचा नाही, ही या मंडळाची पहिली अट. ड्रॅगनचे नाव काढताच मोठी माणसे तलवार शोधू लागतात, हे मुलांना पक्के ठाऊक असते.

ड्रॅगन हा दंतकथांतला प्राणी. युरोपातल्या कथाकारांनी त्याला सर्पाचे अंग, वटवाघळाचे पंख आणि आग ओकणारे तोंड दिले. असा प्राणी पृथ्वीच्या पाठीवर कधीच नव्हता. परंतु एका देशात मात्र ड्रॅगनची पिल्ले खरोखर सापडत असत. लोक ती हातात धरून पाहत, एकमेकांना दाखवीत आणि भीतभीत पुन्हा पाण्यात सोडून देत. त्याच देशात, एका गुहेत, २०१६ साली अशी एकवीस पिल्ले जगापासून लपवून वाढवावी लागली. गोष्टीतल्या मुलांनी जी जी काळजी घेतली असती, ती सर्व तेथे घेतली गेली; फक्त काळजी घेणारी माणसे मोठी होती, आणि ज्यांच्यापासून पिल्ले लपवायची होती ते शत्रू नसून कौतुकाने पाहायला आलेले पाहुणे होते.

हा देश म्हणजे स्लोव्हेनिया. इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्यामध्ये तो वसलेला आहे. आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले, तर त्यांत तो सहज सामावेल एवढा तो लहान आहे. ल्युब्ल्याना ही त्याची राजधानी. या शहराच्या मानचिन्हावर ड्रॅगन आहे, आणि १९०१ साली बांधलेल्या तेथील एका पुलाच्या चारही कोपऱ्यांवर पंख पसरलेले ड्रॅगन बसलेले आहेत. ज्या देशात ड्रॅगनचा असा मान, तेथे त्याच्या पिल्लांविषयी कथा असाव्यात यात नवल नाही. मात्र त्या कथांच्या मुळाशी काय होते ते समजण्यासाठी आधी तेथील जमीन समजून घेतली पाहिजे.

स्लोव्हेनियाच्या नैर्ऋत्य भागात ‘क्रास’ नावाचे पठार आहे. ते चुनखडकाचे आहे. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून झिरपताना कर्बवायू शोषून घेते व किंचित आंबट होते. असे आंबट पाणी चुनखडकाला हळूहळू विरघळवते. केसाएवढी भेग बोटाएवढी होते, बोटाएवढी भेग भुयाराएवढी होते, आणि लक्षावधी वर्षांत डोंगराच्या पोटात प्रचंड दालने तयार होतात. नद्या वाहता वाहता जमिनीत लुप्त होतात आणि कित्येक कोसांवर पुन्हा प्रकट होतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ असा पाण्यात विरघळत नाही. म्हणून अजिंठ्याची आणि वेरूळची लेणी माणसाला छिन्नी-हातोड्याने खोदावी लागली. क्रासच्या पठारात मात्र खोदकामाचे सारे काम पाण्याने केले. जगात कोठेही असा प्रदेश आढळला, तरी भूगोलाच्या पुस्तकांत त्याला याच पठारावरून ‘कार्स्ट’ म्हणतात.

या प्रदेशाजवळ व्रह्निका नावाचे गाव आहे. तेथे लिंटव्हर्न नावाचा एक झरा आहे. तो काही वेळ वाहतो, काही वेळ थांबतो आणि पुन्हा वाहू लागतो. झऱ्याचे हे नावच मुळी ड्रॅगनवाचक आहे. लोक म्हणत, डोंगराच्या पोटात ड्रॅगन राहतो. त्याच्या बिळात पाणी चढले की तो ते बाहेर लोटतो, म्हणून झरा उसळतो. एरवी ही कल्पना कल्पनाच राहिली असती. परंतु जोराचा पाऊस पडून जमिनीखालचे पाणी फुगले, की कधी कधी त्याच्याबरोबर एक विचित्र जीव वाहून उजेडात येई. वीतभर लांब, सापासारखा सडपातळ, फिक्या गुलाबी कातडीचा, चार किरकोळ पायांचा आणि डोळे नसलेला! मानेच्या दोन्ही बाजूंस तांबडे लाल तुरे. डोंगरात ड्रॅगन आहे हे ज्यांनी आजीच्या मांडीवर ऐकले होते, त्यांना हा जीव काय आहे ते निराळे सांगावे लागत नव्हते. पुराने ड्रॅगनचे पिल्लू घरट्यातून वाहून आणले, एवढाच त्याचा अर्थ.

या प्रांतात वाल्वाझोर नावाचा एक चौकस विद्वान सतराव्या शतकात होऊन गेला. त्याने आपल्या प्रांताचा इतिहास, भूगोल आणि चालीरीती यांवर एक विशाल ग्रंथ लिहून १६८९ साली प्रसिद्ध केला. लिंटव्हर्नच्या ड्रॅगनपिल्लाची हकीकत त्याने त्यात नोंदवून ठेवली आहे. वाल्वाझोर काही भोळा नव्हता. हे पिल्लू म्हणजे भूमिगत पाण्यात राहणारा कोणी सरपटणारा क्षुद्र जीव असावा, असे त्याचे मत पडले. पुढे १७६८ साली लॉरेंटी या व्हिएन्नाच्या निसर्गशास्त्रज्ञाने त्या जीवाला शास्त्रीय नाव दिले : प्रोटियस अँग्विनस. प्रोटियस हा ग्रीक पुराणातला रूपे पालटणारा समुद्रदेव, आणि अँग्विनस म्हणजे सर्पासारखा. स्लोव्हेनियातले लोक मात्र त्याला त्याच्या कातडीच्या रंगावरून ‘माणूसमासोळी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्या देशाच्या जुन्या चलनातील एका लहानशा नाण्यावरही या प्राण्याचे चित्र होते.

प्रोटियस हा मासा नव्हे आणि सरडाही नव्हे. तो बेडकाच्या गोत्रातला, म्हणजे उभयचर प्राणी आहे. त्याच्या पुढच्या पायांना तीन तीन आणि मागच्या पायांना दोन दोन बोटे असतात. तो सारे आयुष्य पाण्यात, गडद अंधारात काढतो. अंधारात डोळ्यांचा उपयोग काय? पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याला डोळे असतात. पुढे ते वाढेनासे होतात आणि त्यांच्यावर कातडी चढते. चार्ल्स डार्विनने आपल्या १८५९ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात, वापराअभावी अवयव कसे क्षीण होतात हे सांगताना, या प्राण्याचा उल्लेख केला आहे. डोळ्यांची उणीव प्रोटियस वासाने आणि पाण्यातल्या सूक्ष्म कंपनांनी भरून काढतो. भक्ष्य म्हणजे पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव, गोगलगाई आणि अळ्या. तेही नेहमी मिळतात असे नाही. पण वर्षानुवर्षे काही न खाता तग धरण्याची शक्ती त्याला आहे. हालचालही तो बेताचीच करतो. हर्झेगोव्हिनातल्या गुहांत पाणबुड्यांनी या प्राण्यांवर खुणा करून त्यांचा माग ठेवला होता. त्यांतला एक प्राणी २,५६९ दिवसांनी, म्हणजे सात वर्षांनी, पाहिला तो पूर्वीच्याच जागी! २०२० साली ही नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरच्या आळशी लोकांना फार समाधान वाटले असेल.

आता त्या लाल तुऱ्यांकडे वळू. बेडकाचे पिल्लू आपण डबक्यात पाहतो. त्याला शेपटी असते, आणि ते कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेते. मोठे होताना शेपटी जाते, कल्ले जातात, फुप्फुसे येतात आणि ते जमिनीवर उडी मारते. बहुतेक उभयचरांच्या जीवनाचा हाच क्रम आहे. प्रोटियस मात्र ही शेवटची उडी कधीच मारीत नाही. तो वाढतो, वयात येतो, अंडी घालतो, म्हातारा होतो. पण बाळपणीचे कल्ले त्याच्या मानेवर अखेरपर्यंत तसेच राहतात. ते तांबडे तुरे म्हणजे हेच कल्ले. त्यांतून रक्त खेळत असल्यामुळे ते लाल दिसतात. म्हणजे व्रह्निकाच्या लोकांच्या हाती जो जीव लागला तो बहुधा पुरता वाढलेला होता, आणि तरीही त्याला ‘पिल्लू’ म्हणण्यात ते फारसे चुकले नव्हते. हा प्राणी जन्मभर पिल्लूच असतो.

अशा प्राण्याची खरी पिल्ले पाहायला मिळणे फार दुर्मिळ. मादी दगडाखाली एकेक अंडे चिकटवते आणि त्यांच्यावर पहारा करते. हे सारे अशा भुयारांत घडते, की तेथे माणसाचा हात पोहोचत नाही. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातल्या मूलिस येथे एका गुहेत शास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या काळात प्रोटियसची वसाहत वसवली आणि वर्षानुवर्षे धीराने तिची नोंद ठेवली. त्या नोंदींवरून २०१० साली काही आकडे प्रसिद्ध झाले. हा प्राणी सुमारे पंधराव्या वर्षी वयात येतो. मादी साधारणपणे बारा वर्षांतून एकदा अंडी घालते, तीही पस्तीसच्या आसपास. प्रौढ प्राण्याचे सरासरी आयुष्य अडुसष्ट वर्षांहून थोडे अधिक असते आणि कमाल मर्यादा शंभराच्या पलीकडे जावी, असा अंदाज आहे. वीस ग्रॅम वजनाच्या, हाताच्या ओंजळीत मावणाऱ्या जीवाचे हे आयुष्य!

स्लोव्हेनियातल्या पोस्टोयना गावाजवळ पिवका नदीने कोरलेली एक विख्यात गुहा आहे. तिच्या भुयारांची एकूण लांबी चोवीस किलोमीटर भरते. १८१८ साली लुका चेच नावाच्या गावकऱ्याने तिच्या आतल्या भव्य दालनांचा शोध लावला, आणि तेव्हापासून प्रवाशांची रीघ लागली. १८७२ साली गुहेत रूळ टाकले गेले. त्यांवरून प्रवाशांच्या गाड्या वाटाडे हातांनी ढकलीत नेत. १८८४ साली विजेचे दिवे लागले. आता आगगाडीतून लाखो लोक दर वर्षी आत जातात. छतावरून लोंबणारे आणि तळावरून वर चढणारे चुनखडीचे खांब पाहून झाले, की ते एका काचेच्या हौदापाशी थांबतात. त्या हौदात काही प्रोटियस ठेवलेले असतात. ‘ही ड्रॅगनची पिल्ले,’ असे वाटाड्याने म्हटले की मुले पुढे घुसतात.

३० जानेवारी २०१६ रोजी एका वाटाड्याला हौदाच्या भिंतीला चिकटलेला एक पांढरट ठिपका दिसला. ते अंडे होते. गुहेतील जीवशास्त्रज्ञांना बोलावण्यात आले, आणि त्याच दिवसापासून गुहेत एक गुप्त मंडळ कामाला लागले. पहिले काम म्हणजे घरभेद्यांचा बंदोबस्त. प्रोटियस आपल्याच जातीची अंडी खाऊन टाकतात. म्हणून आईला तेवढे तेथे ठेवून बाकीचे प्राणी दुसऱ्या हौदात हलवले गेले. दुसरे काम उजेड अडवण्याचे. हौद झाकला गेला. पाण्यात अधिक प्राणवायू मिळेल अशी सोय करण्यात आली. आत काय चालले आहे ते पाहण्यासाठी अवरक्त किरणांवर चालणारा कॅमेरा बसवला, कारण हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंधार मोडत नाहीत. ज्यांनी तिकीट काढून प्रोटियस पाहायला यावे, त्यांना आता झाकलेला हौद आणि पडद्यावरचे करड्या रंगाचे चित्र यांवर समाधान मानावे लागले. पुष्कळ जण निराश झाले असतील. पण पडद्यावरची ती आई आपल्या अंड्यांभोवती फिरत राहिली.

काही आठवड्यांत अंड्यांची संख्या चौसष्टवर गेली. सगळ्यांत जीव धरला नाही. काही कोरडीच निघाली, म्हणजे त्यांत गर्भच नव्हता, काही बिघडली. ज्यांत जीव होता त्यांचीही वाढ अतिशय सावकाश होत होती. गुहेतले पाणी बारमाही थंड असते. तेथे पारा दहा अंशांच्या आसपास राहतो. आपल्याकडे कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत उबते. येथे फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला, बाहेर वसंतातली फुले फुलून गळाली, तरी अंडी तशीच. कॅमेऱ्यापुढे बसणाऱ्यांना अंड्याच्या आत कधी एखादी वळवळ दिसे, तेवढाच दिलासा. शेवटी ३० मे रोजी, एकशे एकवीस दिवसांनी, पहिले पिल्लू अंड्याचे आवरण भेदून बाणासारखे पाण्यात सुटले. जेमतेम दोन सेंटिमीटर लांबी! पुढच्या काही आठवड्यांत त्याची भावंडे आली. त्यांतली एकवीस जगली.

पिल्लू अंड्यातून निघाले म्हणजे संकट टळले, असे नाही. जन्मल्यावर काही काळ ते पोटात उरलेल्या बलकावर राहते. नंतर त्याला शिकार करता आली पाहिजे. त्यातच बुरशी आणि जंतू हे न दिसणारे वैरी सदैव टपलेले. म्हणून पिल्लांना बारीक जिवंत कृमी पुरवावे लागत, त्यांचे पाणी वरचेवर बदलावे लागे, आणि हे सर्व शक्य तितक्या कमी उजेडात. या कामात गाजावाजा नव्हता. गोष्टीतल्या मुलांना निदान पिल्लाच्या पाठीवर बसून उडण्याची आशा असते. येथे तीन वर्षांनीही पिल्लू बोटभरच राहणार होते.

उजेडाला एवढे भ्यायचे कारण काय, असे कोणाला वाटेल. डोळे झाकले गेले तरी प्रोटियसच्या कातडीला उजेड जाणवतो आणि त्याला तो टाळायचा असतो. सतत उजेडात ठेवलेला पांढरा प्रोटियस हळूहळू काळवंडतो. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांतून लखकन पडणारा प्रकाश हा या प्राण्याला मोठा त्रास आहे. जुन्या काळी तर माणसाचे कौतुक याहून घातक होते. एकोणिसाव्या शतकात प्रोटियस पकडून युरोपभरच्या विद्वानांना आणि हौशी संग्राहकांना पाठवले जात, प्रवाशांना आठवण म्हणून विकलेही जात. वाटेत किती मेले याचा हिशोब कोणी ठेवला नाही. पुढे कायद्याने या प्राण्याला संरक्षण मिळाले आणि तो व्यापार थांबला.

आज मुख्य धोका वरून येतो, तोही न कळत. चुनखडकाच्या जमिनीत पाणी मातीतून गाळून निघायला फारसा वेळच मिळत नाही. शेतातले खत, कीटकनाशक, गावाचे सांडपाणी, खोल खड्ड्यात लोटून दिलेला कचरा, यांतले जे काही पावसात विरघळेल ते भेगांवाटे थेट भुयारातल्या पाण्यात उतरते. स्लोव्हेनियाच्या आग्नेय भागात, बेला क्रायिना प्रांतात, क्रुपा नावाचा झरा आहे. त्याच्या पाण्यात विजेची उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्याचे विषारी तैलद्रव्य मिसळल्याचे १९८० नंतरच्या दशकात उघडकीस आले. पुढे तेथील प्रोटियसच्या शरीरातही ते विष साठलेले आढळले. जो जीव शंभर वर्षे जगू शकतो, तो शंभर वर्षे विषही साठवू शकतो. याच प्रांतात १९८६ साली प्रोटियसची एक काळी जात सापडली. तिच्या कातडीत रंग आहे आणि डोळे पांढऱ्या भाईबंदांहून बरे आहेत. ती जगात फक्त तेथल्याच काही झऱ्यांच्या आसपास, मोजक्या चौरस किलोमीटरांच्या टापूत राहते. त्या टापूतले शेतकरी आपल्या शेतात काय टाकतात, यावर तिचे असणे-नसणे अवलंबून आहे.

पोस्टोयनाची पिल्ले वाढत राहिली. जून २०२० मध्ये, वयाची चार वर्षे पूर्ण झाल्यावर, त्यांतली तीन पहिल्यांदाच लोकांना दाखवण्यात आली. तीही मंद प्रकाशात आणि मोजक्याच पाहुण्यांना. बाकीची गुहेतल्या प्रयोगशाळेच्या अंधारातच राहिली. तोपर्यंत त्यांचे डोळे कातडीखाली गेले होते आणि मानेवरचे लाल तुरे भरले होते. मूलिसच्या नोंदींवरून पाहता २०३० साल उलटून गेल्यावर ती वयात येतील. २०१६ साली आईबापांचे बोट धरून त्या झाकलेल्या हौदासमोर उभी राहिलेली मुले तोवर मोठी होऊन आपापल्या उद्योगाला लागलेली असतील. त्यानंतरही या पिल्लांपुढे कित्येक दशके आहेत. त्या दशकांत त्यांना खाऊ घालणारे आणि त्यांच्या हौदावर अंधार राखणारे हात अजून जन्माला यायचे आहेत.